बिब्ब्याची अंडी

टिटवीचं घरटं शोधायचं तर नुसतं जमिनीकडं बघून उपयोग नाही. कान वर ठेवायचा. टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली की समजायचं, अंडी जवळ आहेत. ओरडणं वाढलं की आणखी जवळ. अंगावर झेपा घ्यायला लागली की जागच्या जागी थांबायचं, कारण पुढचं पाऊल अंड्यांवर पडणार. मी सात वर्षांची असताना हे मला माझ्या बानं शिकवलं. आणि ज्या दिवशी ते आठवायला हवं होतं, नेमकं त्याच दिवशी मी ते विसरले. त्याचा मला राग आहे. स्वतःवर थोडा आहे, बाकीच्यांवर भरपूर आहे.

बाचं नाव ग्यानबा. आमचं गाव साखऱ्याच्या पलीकडं, माळाच्या उताराला. काम करता करता पाखरं बघायची बाला खोडच होती. खळ्यात बैलांमागं फिरताना मधेच थांबायचा. "ऐक, तांबट बोलून राहिला. आता ऊन वाढल." विहिरीवर मोट चालू असली तरी त्याचं अर्धं लक्ष समोरच्या काटेसावरीकडं. तिच्या लाल फुलांवर मैना किती, कोतवाल किती, हे तो मला मोजायला लावायचा. आई कावायची, पोरीला भाकरी थापायला शिकवायची का कोतवाल मोजायला? आई लवकर गेली. मला दोन्ही आलं.

बाला मी एकटीच, म्हणून घरजावई आणला. नवऱ्याचं नाव बायकोनं तोंडानं घ्यायचं नसतं. लग्नात उखाण्यापुरतं घेतलं तेवढंच, पुढं मी चारचौघींसारखी 'हे' म्हणायला लागले. हे शांत होते. उकंडराव पाटलाकडं सालगडी म्हणून राबायचे. बाची नजर मंदावत चालली तेव्हा रोज सकाळी त्याचा हात धरून त्याला माळापर्यंत नेऊन सोडायचं आणि मग पाटलाकडं कामाला जायचं, हा यांचा नेम. बा सगळ्या गावाला सांगायचा, पोटच्या पोरानं असा हात धरला नसता. मला ते ऐकून बरं वाटायचं. मी तेव्हा फार लवकर बरं वाटून घ्यायची.

आमच्या गावात अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाऊस सांगायची रीत होती, आणि तो मान बाचा. चैत्र लागला, पळस फुलले की बा माळ पालथा घालायचा. टिटवीनं अंडी उंचावर घातली असली तर पाऊस दांडगा. ओढ्याच्या पात्रात घातली तर पाऊस ओढ देणार. अंडी चार असली तर चार महिने, तीन असली तर तीन. अंड्यांना हात मात्र कुणी लावायचा नाही, अगदी शेळ्या राखणारं लेकरूसुद्धा लावत नाही. अखितीच्या सकाळी मारुतीच्या पारावर गाव जमायचा. घराघरातला कर्ता बियाण्यातली एक मूठ उघड्या उजव्या हातानं मारुतीपुढच्या टोपलीत टाकायचा, आणि मग बा सांगायचा. त्यावरून ठरायचं की उंचावरचं हलकं रान पेरायचं की ओढ्याकाठचं भारी.

या गोष्टीच्या सहा वर्षं आधी एक मोठा अंमलदार शिकारीला आला. उकंडराव पाटलानं त्याला शब्द दिला होता, तुम्हाला माळढोक मारून देतो. माळढोक कुठं नाचतो हे एकट्या बाला माहीत. चैत्रात नर गळ्याची पांढरी पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर टाकून उभा राहतो आणि असा घुमतो की छातीत ऐकू येतं. बानं मला तो एकदा गवताआडून दाखवला होता. मी श्वास रोखून बघितला होता, आणि मला वाटतं बानंही.

त्या अंमलदाराला बानं दिवसभर उलट्या बाजूचा माळ फिरवला. घामाघूम केला. शेवटी दोन होले मारून स्वारी परत निघाली. घोड्यावर बसताना अंमलदार सगळ्यांदेखत म्हणाला, "पाटील, गांव में तुम्हारी कोई सुनता बी है?" पाटील हसला आणि त्यानं मिशीवरून हात फिरवला. ही त्याची सवय. आनंद झाला तरी मिशीवर हात, राग आला तरी मिशीवर हात. बघणाऱ्याला कळायचं नाही की दोन्हीतलं काय झालंय.

त्याच साली अखितीला दोन दिवस उरले तेव्हा हे जेवताना म्हणाले, "मामा, ओढ्यात टिटवीची अंडी हाईत. पाटलाची बैलं चारताना दिसली."

बाला नवल वाटलं. "ओढ्यात? मला तर म्हसोबाच्या टेकडीवर आवाज येऊन राहिला व्हता."

"टेकडीवर काय न्हाई आता. मी बघून आलो."

दुसऱ्या दिवशी हे आम्हाला ओढ्यात घेऊन गेले. बा गुडघ्यावर बसला, अंड्यांवर नाक टेकेल इतका वाकला. चार अंडी, मातकट, काळ्या ठिपक्यांची. मी शेजारीच उभी होते. वर आभाळ रिकामं होतं. एकही टिटवी ओरडत नव्हती, झेप घेत नव्हती. मला घरी जाऊन ज्वारी निवडायची होती, डोक्यावर ऊन होतं, आणि मी रिकाम्या आभाळाखाली उभी राहून काही बोलले नाही.

बानं पारावर सांगितलं, पाऊस ओढ देणार, ओढ्याकाठचं रान पेरा. गावानं पेरलं. उकंडराव पाटलानं तेवढं उंचावरचं पेरलं. मग मृगात जो पाऊस लागला तो उघडेचना. ओढा तीनदा पात्राबाहेर आला. कोंब आलेलं पीक नासून काळं पडलं, माणसं बांधावर उभी राहून बघत राहिली. त्या पावसात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टिटवी ओरडली नव्हती. ती अंडी तिथली नव्हतीच. ती कुणीतरी टेकडीवरून उचलून आणून ठेवली होती.

मी बाला सांगितलं. तो म्हणाला, "बहाणे नको, सखू. माझी नजर गेली, मी चुकलो. गावाचं नुकसान झालं."

पोळ्याच्या दिवशी बैलं तोरणाखाली उभी असताना पाटलानं बाला पुढं बोलावलं. अंड्यांची टरफलं दोऱ्यात ओवलेली माळ त्याच्या गळ्यात घातली. "घ्या, पाऊसवाले ग्यानबा!" म्हणाला आणि मिशीवरून हात फिरवला. ज्यांचं पीक गेलं होतं ते हसले. मी त्यांना दोष देत नाही असं लोक म्हणतात तसं मी म्हणणार नाही. मी देते. बानं माळ काढली नाही. तशीच घालून घरी आला आणि खुंटीला अडकवली. त्या दिवसापासून तो माळावर गेला नाही. वर्षभरात डोळे पूर्ण गेले. हे त्याचा हात धरून त्याला फक्त ओट्यापासून विहिरीपर्यंत न्यायचे आणि आणायचे.

मी सहा वर्षं त्या माळेखाली स्वयंपाक केला. हात कुणाचा, एवढंच मला हवं होतं. हुकूम पाटलाचा, हे कळायला अक्कल लागत नव्हती. पण हात? माझा संशय हिरासिंगावर होता. पाटलाच्या दारातला बंदूकवाला, सगळ्या उलट्या कामांना तोच. पण संशयानं बाची माळ खुंटीवरून उतरणार नव्हती. बा मरायच्या आत एकदा तरी पारावर बसला पाहिजे, आणि त्याला कळलं पाहिजे की तो चुकला नव्हता. मला दुसरं काही नको होतं. तसं नाही, आणखी एक हवं होतं. ज्यानं केलं त्याला भोगायला लावायचं होतं.

त्या चैत्रात गावातली चार माणसं आमच्या ओट्यावर आली. दोन वर्षं पाऊस दगा देत होता. पारावर पंचांग वाचणारे नाना जोशी पुढं होते. म्हणाले, "ग्यानबा, पंचांगात माझ्या चार ओळी. गावाला टिटवीचं ऐकायचं आहे."

बा म्हणाला, "मला दिसत न्हाई, नाना."

"तुझ्या लेकीला दिसतं ना?"

मी हो म्हणाले. दुसऱ्याच दिवशी चावडीसमोरून सरपण घेऊन जाताना पाटलानं मला हटकलं. "काय गं सखे, तू सांगणार म्हनं पाऊस? बघू तर खरं, तुझी टिटवी कुठं अंडी घालते ते." आणि मिशीवरून हात. मी मान खाली घातली आणि पुढं गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण आतून मी खूश होते. तो पुन्हा करणार होता.

खरं घरटं मला आधीच सापडलं होतं. म्हसोबाच्या टेकडीच्या माथ्यावर, जुन्याच जागी. खडे आणि शेळीच्या लेंड्या गोल मांडलेल्या, मधे चार अंडी, चारही टोकं आत वळलेली. उन्हात टिटवी डबक्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून यायची आणि अंड्यांवर बसायची. मी लांबून बघून परत फिरले. कुणाला सांगितलं नाही. बाला नाही, यांनाही नाही.

मग शेजारच्या रुख्मिणीबाईकडून तलंगीची, नव्यानंच अंडी घालायला लागलेल्या कोंबडीची, चार अंडी मागून घेतली. तलंगीची पहिली अंडी लहान असतात. माळाची पिवळी माती कालवून त्यांना चोपडली, वाळवली. मग बिब्बा घेतला. बिब्बा कुणाच्या घरात नसतो? परटिणीच्या खुणेपासून पायाच्या काट्यापर्यंत सगळ्याला लागतो, पण त्याचं तेल कातडीला लागलं की अंग उततं, फोड येतात. हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोळलं, बिब्ब्याला दाभण टोचून निखाऱ्यावर धरला आणि थेंब थेंब काळं तेल काडीनं अंड्यांवर लावलं. हुबेहूब टिटवीचे ठिपके. वरून थोडे, खालून पुष्कळ, कारण उचलताना बोटं खाली जातात.

रुख्मिणीबाई दारात उभी राहून बघत होती. तिला कळलं. तिचंही ओढ्याकाठचं पीक त्या साली गेलं होतं.

"सखू, उतल ना गं हात. लई तकलीफ होते बिब्ब्याची."

"व्हऊ दे."

"अन् भलत्याच कुनी उचलली तर?"

"टिटवीच्या अंड्याला गावात कोन हात लावतं, मावशी? ज्यानं आधी लावला त्योच लावल."

अखितीला तीन दिवस होते. दोन टेकड्या सोडून पळसाच्या झाडाखाली मी लेंड्या-खडे मांडून खोटं घरटं केलं, अंडी त्यात ठेवली आणि विहिरीवर येऊन बायकांत मोठ्यानं सांगितलं, "सापडली बरं का! पळसाच्या टेकडीवर, चांगली उंचावर. चार हाईत." विहिरीवर सांगितलेलं चावडीत पोचायला घागर भरायला लागते तेवढाच वेळ लागतो. तिथं पहारा करावा असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण उघडा माळ, बसायला आडोसा नाही. आणि बाईमाणसाची साक्ष पाटलापुढं कोण धरतो? फोडाला साक्षीदार लागत नाही.

दिवेलागणीला मी घरीही तेच सांगितलं. बा नुसता हुंकारला. हे घास तोंडात ठेवून थांबले. "समद्या गावात कशापायी बोंबलत सांगायचं?" म्हणाले. मला वाटलं, पाटलाच्या भीतीनं बोलताहेत. मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोवऱ्या वेचायचं निमित्त करून पळसाखाली गेले. खोटं घरटं रिकामं होतं. मी तिथंच बसून हसले. आयुष्यात इतकी एकटी कधी हसले नव्हते. घरी आले तर निरोप होता, हे पाटलाची गाडी घेऊन तसेच कळमनुरीच्या बाजाराला गेले, अखितीच्या सकाळी येतील.

पुढचा सगळा दिवस मी हिरासिंगाला बघायचा प्रयत्न केला. दिसला नाही. मला त्याचा आनंदच झाला. घरात पडून खाजवत असेल.

अखितीला उजाडता उजाडता मी पारावर गेले. सडा घातला, टोपली ठेवली. खुंटीवरची माळ पदराआड बांधून आणली होती. माणसं जमायला लागली. बा येईल की नाही याची मला धास्ती होती, पण तो आला. हे पहाटेच परतले होते आणि त्याला हात धरून घेऊन येत होते. सहा वर्षांनी बा पाराच्या पायऱ्या चढला. दोघांच्या खांद्यांवरून बाचा शेला पांघरलेला होता. पहाटेचा गारवा असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

पाटील शेवटी आला. घोंगडीवर टेकला. डोळ्यांपर्यंत उपरणं गुंडाळलेलं. त्याच्या माणसानं सांगितलं, पाटलांचा दात दुखून राहिला. हिरासिंग त्याच्या मागं बंदूक टेकवून उभा होता.

नाना म्हणाले, "चला, मुठी टाका."

मी पुढं झाले. "नाना, आज पाऊस मी सांगणार ना? मंग माझी एक अट हाय. मूठ टाकायच्या आधी जो तो मारुतीला उजवा तळवा दाखवल."

कुणी हसलं, कुणी म्हणालं, पोरीचं काहीतरीच. पण नाना म्हणाले, बराबर आहे, देवापुढं हात दाखवायला काय हरकत? एकेक येत गेला. भेगाळलेले हात, काटे रुतलेले हात, कुऱ्हाडीनं बोट गेलेला हात. हिरासिंग आला. मी इतकी पुढं वाकले की नाना माझ्याकडं बघायला लागले. त्यानं तळवा उघडला. स्वच्छ. घट्टे सोडले तर त्यावर काही नव्हतं. मग कोण?

"आता ग्यानबाचं घर," नाना म्हणाले. "आता कर्ता तुझा जावई. ये, सोनाजी."

हे जागचे हलले नाहीत. बाच पुढं झाला. "आमच्या घरची मूठ मी टाकतो," म्हणाला, यांना शेल्याखालीच सोबत ओढत चाचपडत टोपलीपाशी आला आणि ज्वारी टाकली.

डाव्या हातानं टाकली.

माझा बा देवापुढं डावा हात कधी पुढं करायचा नाही. डाव्या हातानं त्यानं कधी बैलाला गूळ दिला नाही. उजवा हात शेल्याच्या आत होता. आणि यांचाही हात शेल्याच्या आत होता. पहाटेपासून बानं तो हात धरला होता. आंधळ्या माणसाच्या बोटांना त्यावरचा एकेक फोड कळला होता. त्याला माझ्या आधी समजलं होतं आणि तो ते झाकून घेऊन पार चढला होता.

"बा," मी म्हणाले, "उजव्या हातात काय हाय?"

"सखू, सोड. सणाचा दिस हाय."

"काय हाय हातात?"

"मानूस हाय, पोरी," बा हळू म्हणाला. "सोड."

मी ऐकलं असतं तर फार चांगली लेक ठरले असते. सहा वर्षं त्या माळेखाली बसून भाकऱ्या केल्या होत्या. याच माणसाला वाढल्या होत्या. मी शेला धरला आणि ओढला.

बोटं सुजून एकमेकांना चिकटली होती. तळव्यावर पाण्यानं टरारलेले फोड, मनगटापर्यंत लाल. बानं तरीही तो हात सोडला नव्हता.

"सोनाजी!"

मीच ओरडले. पारावर एकदम शांतता झाली. फोडांनी नव्हे, नावानं झाली. बाया तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. मी पुन्हा ओरडले, "सोनाजी, काहून केलंस? या मानसानं तुला पोराच्या वर मानलं. काहून?"

तो खाली बसला. दोन्ही उतलेले हात गुडघ्यांवर उताणे ठेवून बोलायला लागला, माझ्याकडं न बघता. "पाटील म्हनले, मस्करी हाय, टेकडीवरली उचलून ओढ्यात ठेव. मी ठेवली. येवढा पाऊस येईल, मामाला माळ घालतील, मला काय ठाऊक? मंग सांगायची हिंमत झाली न्हाई. रोज सकाळी मामाचा हात धरायचो अन् रोज वाटायचं, आज सांगू."

"अन् आता?"

"आता म्हनले, अंडी आनून दे, न्हाईतर मागचं मीच पारावर सांगतो. आनली. त्यांच्या हातात दिली. त्यांनी मुठीत फोडली अन् म्हनले, आता सखीला तोंडावर पाडतो."

"खोटं बोलून राहिला हरामखोर!" उपरण्याआडून पाटील ओरडला. शब्द नीट येत नव्हते.

नाना जोशी म्हातारे होते, कुणाशी वाकडं न घेणारे. पण त्यांनी टोपली उचलली आणि पाटलापुढं नेऊन धरली. "पाटील, तुमची मूठ राहिली."

पाटील हलला नाही. हिरासिंगही दुसरीकडं बघायला लागला.

"उजवी, पाटील," नाना म्हणाले. "उघडी."

पाटील तावातावानं उठला. उठताना उपरणं घसरलं. मिशी नव्हतीच. फोडांमुळं भादरून टाकावी लागली होती. वरचा ओठ नाकाला टेकला होता, गाल काळेनिळे, आणि उपरणं सावरायला पुढं केलेली उजवी मूठ मिटता येत नव्हती इतकी सुजलेली. अंडी फोडलेला हात त्यानं मिशीवरून फिरवला होता. तो फिरवणारच होता.

आधी रुख्मिणीबाई हसली. मग सगळा पार हसला, जे सहा वर्षांपूर्वी बाला हसले होते तेच सगळे. मी पदराची गाठ सोडली, टरफलांची माळ काढली आणि पाटलाच्या पायापाशी ठेवली. "तुमची वस्तू, पाटील. आमच्या खुंटीला लई दिस झाले." मला फार बरं वाटलं. कशाला खोटं बोलू? अजून आठवलं की बरं वाटतं.

पाटील गेल्यावर बा उभा राहिला. रिकामा उजवा हात त्यानं चाचपडत माझ्या खांद्यावर ठेवला. "सखू, खरी अंडी सापडली का?"

"म्हसोबाच्या टेकडीवर, माथ्याला. चार."

"टिटवी ओरडली?"

"ओरडली, बा. डोक्यावर येऊन ओरडली."

त्यानं गावाकडं तोंड केलं आणि सांगितलं, पाऊस चार महिने, उंचावरचं रान पेरा. आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला. पाऊस कसा झाला ते विचारू नका. चांगला झाला.

पाटलानं सोनाजीला कामावरून काढलं, आमच्या रानाकडं जायची वाट बंद केली. आम्ही दुसऱ्या वाटेनं गेलो. चार वर्षांनी निजामाचं राज्य गेलं आणि पाटलाची ऐटही गेली. पण त्या दिवशी दुपारची गोष्ट सांगायची राहिली.

सोनाजी ओसरीवर हात पुढं करून बसला होता. त्याला पाण्याचा तांब्या धरता येत नव्हता. खोबरेलाची वाटी फळीवर होती. मी ती काढली आणि त्याच्यापुढं ठेवली.

"लाव," मी म्हणाले.

दोन्ही हात उतलेला माणूस स्वतःच्या हाताला तेल कसा लावणार? मला ते माहीत होतं. मी चुलीपाशी जाऊन बसले. थोड्या वेळानं बा भिंतीला धरत आला, चाचपडत वाटी शोधली आणि जावयाचा हात मांडीवर घेऊन एकेका फोडाला तेल लावत बसला. सोनाजी रडत होता. मी उठले नाही.

मी त्याला टाकला नाही. तीस-पस्तीस वर्षं संसार केला, दोन लेकरं झाली, दुखण्यात त्याचं सगळं केलं. चैत्रात मात्र त्याला माळावर येऊ दिलं नाही. बाचा हात धरून मीच जायची. आणि 'हे' मी त्याला पुन्हा कधी म्हणाले नाही. जेवायला बोलवायचं तरी अंगणातून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "सोनाजी, भाकरी झाली." नव्या सुना दचकायच्या. त्यांच्या सासवा त्यांना सांगायच्या, ग्यानबाची सखू नवऱ्याचं नाव घेते. आणि का घेते, तेही सांगायच्या. तो मान खाली घालून यायचा आणि जेवायचा.